संतूचा चौकोन

माझ्या दुकानातल्या काउंटरच्या काचेखाली दोन प्रोसेसर शेजारी शेजारी ठेवलेले आहेत. एक जुना, जांभळट राखाडी रंगाचा, चिनी मातीच्या फरशीचा तुकडा वाटावा असा, आणि पोटाखाली सोनेरी पायांची दाटी. दुसरा हल्लीचा, वर चकचकीत पत्रा, खाली पायसुद्धा नाहीत, नुसते ठिपके. येणारा प्रत्येक जण काचेवर बोट टेकवून विचारतो, "ताई, ह्या दोघांत फरक किती?" मी म्हणते, "पुष्कळ." तेवढ्यावर गिऱ्हाइकाचं समाधान होतं, कारण त्याला नवाच घ्यायचा असतो. खरं उत्तर द्यायचं तर उरवड्याच्या हिरामावशींचं सांगावं लागेल, आणि ते काउंटरवर उभ्या उभ्या सांगण्यासारखं नाही. दिवाळी अंकासाठी दुकानातलं काही लिहा म्हणून एक संपादक मागे लागले, म्हणून आज बसून लिहिते आहे.

पिरंगुटच्या बाजारात, पौड रस्त्याला लागून माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. मी आयटीआय केलेली बाई. आधी टीव्ही जोडणाऱ्या एका कारखान्यात डाख द्यायचं काम करत होते, तो बंद पडल्यावर हे दुकान टाकलं. सुरुवातीची कित्येक वर्षं लोक दारात उभे राहून विचारायचे, "साहेब कुटं गेलेत?" मी सोल्डरिंगची बंदूक हातात धरून म्हणायचे, "साहेब न्हाईत, मीच हाय." काही जण तरी बाकावर बसून साहेबांची वाट बघायचे. चहाही घ्यायचे माझ्याकडून. माझं काम झालं आणि मशीन सुरू झालं की मग मुकाट्याने घेऊन जायचे.

आमच्या भागातले कॉम्प्युटर आजाराने कमी आणि हवापाण्याने जास्त मरतात. खडीच्या कारखान्यांची धूळ, मुळशीचा पाऊस, आणि उबेला येऊन बसणाऱ्या पाली. पॉवर सप्लाय उघडला की आत भाजलेली पाल निघणार, हे मी न उघडता वासावरून सांगते. माणसांचे नमुने तर विचारूच नका. जमीन विकलेले एक पाटील आले आणि म्हणाले, "बाजारात जो सगळ्यात भारी प्रोसेसर आसंल, त्योच टाका. मागं-पुढं बघू नका." टाकला. पुढे पंखा आवाज करतो म्हणून त्यांच्या घरी गेले, तर पाटील त्यावर पत्ते खेळत होते. मी मनात त्या प्रोसेसरची माफी मागितली.

प्रोसेसर म्हणजे काय, तर मोजणारा. त्याला दुसरं काही येत नाही. अक्षर दाखवायचं असो, गाणं वाजवायचं असो, आत सगळी मोजणीच. जुना आणि नवा यांत फरक एवढाच की जुना जेवढं मोजायला दिवसभर घेईल, तेवढं नवा आपण पापणी लववायच्या आत मोजून मोकळा होतो. मग उरलेला वेळ तो काय करतो? वाट बघत बसतो. आपण कधी एकदा कळ दाबतो याची. पाटलांच्या घरचा तर जन्मभर वाटच बघणार आहे.

हिरामावशी दुकानात आल्या त्या एका टेम्पोतून, मांडीवर गोधडीत गुंडाळलेला कॉम्प्युटर घेऊन. साठी उलटलेली, नाकेली बाई. पदर डोक्यावरून घट्ट. त्यांनीही आधी साहेब कुठे आहेत ते विचारलं. मग माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या, "तुमी तरी तुमी. ह्यो बोलता करा. माज्या मालकांचं त्वांड हाय ह्ये."

गोधडी सोडली तर आत असा कॉम्प्युटर, जो मी बारा वर्षांत पाहिला नव्हता. फोर-एटी-सिक्स जातीचा. माझ्या उमेदवारीच्या काळातला. आणि त्याच्या माऊसला वायर जोडून दारावरच्या बेलचं बटण लावलेलं.

मावशींनी सांगितलं ते असं. त्यांचे मालक, गावात सगळे त्यांना अण्णा म्हणतात, यांना डोक्यात झटका आला. जीव वाचला, समज शाबूत राहिली. पण वाचा गेली आणि शरीर गेलं. डोळे हलतात, ओठ मिटतात, आणि डाव्या हाताच्या अंगठ्यात थोडा जोर आहे. एवढंच. त्यांचा एकुलता एक मुलगा संतू उरवड्याच्याच एका कारखान्यात मशीनवर होता. तिथे एका जुन्या मशीनला हा कॉम्प्युटर जोडलेला होता. मशीन भंगारात निघालं तेव्हा त्याने हा मागून घेतला, आणि कुठून कुठून शिकून बापासाठी एक प्रोग्रॅम लिहिला.

पडद्यावर चौकोन. प्रत्येक चौकोनात संतूने स्वतः ठिपका ठिपका जोडून काढलेला शब्द. संतू. पाणी. कूस. दुखतंय. उकडतंय. व्हय. न्हाई. अण्णांनी अंगठ्याने बेलचं बटण दाबलं की पडदा जागा व्हायचा आणि पहिला चौकोन उजळायचा. मग उजेड एकेका चौकोनावरून पुढे सरकत जायचा, आणि शेवटचा चौकोन झाला की पडदा पुन्हा काळा व्हायचा. हव्या त्या शब्दावर आला की पुन्हा बटण दाबायचं. टुंई असा आवाज व्हायचा आणि तो शब्द पडदाभर मोठा दिसायचा. मावशी चुलीपाशी असल्या तरी आवाजाने यायच्या.

"मला वाचाया येत न्हाई," मावशी म्हणाल्या, "पर चौकोन वळखू येत्यात. पोरानं आपलं नाव पैलं घातलं. म्हनला, आण्णांना हाक माराया सोपं."

"संतू कुठं असतो आता?" मी विचारलं.

मावशींनी बाहेर टेम्पोवाल्याकडे बघितलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "गेला. रस्त्यावर ट्रकनं उडवला. लई वरसं झाली. ह्यांना ठावं न्हाई. डागदर म्हनलं, धक्का सोसायचा न्हाई. तवा भाऊबंदांनी परस्पर सगळं उरकलं, आन ह्यांना सांगितलं, कंपनीनं दुबईला धाडलाय."

मी स्क्रू काढायला घेतले.

बोर्डावर एक बारकी बॅटरी असते, घड्याळ चालू ठेवायला. ती पाझरली होती आणि तिच्यातल्या क्षाराने तांब्याच्या रेघा खाऊन टाकल्या होत्या. हे दुरुस्त होत नाही. प्रोसेसर काढून भिंगाखाली धरला. त्याला काही झालेलं दिसत नव्हतं. मी सवयीने बोलून गेले, "मेंदू शाबूत आहे मावशी, अंगच गेलंय." आणि जीभ चावली. मावशी मात्र शांतपणे म्हणाल्या, "मंग आमच्या मालकांवानीच की."

पुण्याच्या जुन्या बाजारात तसा बोर्ड मिळतो का ते बघायला गेले. भंगारवाल्याकडे पोतंभर जुने प्रोसेसर होते, बोर्ड एकही नाही. मी पोत्यात हात घातला तर तो म्हणाला, "मॅडम, चालवायला न्यायचेत? आता कोणी चालवायला घेत नाही. गाळायला घेतात." त्या सोनेरी पायांवर खरोखरच सोन्याचा मुलामा असतो, म्हणून ते किलोने विकले जातात आणि आम्लात जातात. ज्यांच्यावर मी धंदा शिकले ते सगळे त्या पोत्यात होते. मला उगाचच वाईट वाटलं. गाडी काढली आणि परत आले.

मग दुसरा मार्ग. हार्ड डिस्क जिवंत होती. संतूचा प्रोग्रॅम उचलून मी एका नव्या कॉम्प्युटरवर घेतला. नव्याला जुन्याचं सोंग घ्यायला लावणारे प्रोग्रॅम मिळतात, त्यातलाच एक घातला आणि दुकानातच चालवून पाहिला. बटण दाबलं. सगळे चौकोन एकदम लखलखले आणि पडदा काळा झाला. मला वाटलं बिघडलं. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच.

मग लक्षात आलं. संतूने उजेड थांबवायला घड्याळ वापरलंच नव्हतं. त्या काळी आम्ही सगळे तेच करायचो. प्रोसेसरला सांगायचं, अमुक आकड्यापर्यंत उगाच मोजत बस, आणि मोजून झालं की पुढच्या चौकोनावर जा. म्हणजे वेळ काढायला मोजणी. जुना ते मोजेपर्यंत अण्णांना बटण दाबायला सवड मिळायची. नव्याने तेवढं मोजलं ते कोणाला कळायच्या आत. तो बिचारा हुकूम पाळत होता, पण त्याच्या पळण्यात माणसाला जागाच नव्हती. काचेखालच्या दोघांत फरक किती, याचं माझं उत्तर हे आहे.

इलाज सोपा होता. सोंग घेणाऱ्या प्रोग्रॅमला वेग कमी करायच्या दोन कळा असतात. पण किती कमी करायचा ते दुकानात बसून कसं कळणार? तो वेग संतूने बापाच्या अंगठ्यावर बसवलेला होता. म्हणून मी नवा कॉम्प्युटर घेऊन उरवड्याला गेले.

घर रस्त्याला लागून, पुढे कामगारांना भाड्याने दिलेल्या खोल्या, मागे हे दोघं. दारात मावशींनी माझा दंड धरला. "ताई, दुबई. ध्यानात ठिवा."

अण्णा खिडकीपाशी खाटेवर होते. दाढी केलेली, अंगावर धुतलेला सदरा, पाठीला एक जखम नाही. इतकी वर्षं पडून असलेल्या माणसाला जखम नाही, यावरून त्या बाईने काय केलं असेल ते समजावं. अण्णांचे डोळे माझ्या हातातल्या बेलच्या बटणावर खिळले. मी जोडाजोड करत होते तेव्हा मावशी शेजारी बसून बोलत होत्या. "चार दिस झालं, मुकं पडल्यात. कड दुखतीया का तहान लागलीया, कसं वळखावं? तसं त्यांचं मागनं एकच. पानी. दिसातनं धा येळा पानी. साखर तपासून आनली, ती न्हाई निघाली. आन मागायचं, वाटी आनली का त्वांड मिटून घ्याचं. म्हातारपनी लेकरावानी झालंय बगा. मी बी कवा कवा बोलून जाते, मंग वाईट वाटतं."

मी वेग कमी करत आणला. मावशी पडद्याकडे बघत होत्या. "आजून पळतुया... आजून... हां, आता झालं. आसंच चालायचं." म्हणजे जुन्याचा वेग बसला. मी बटण अण्णांच्या अंगठ्याखाली सारलं.

त्यांनी दाबलं. पडदा जागा झाला, पहिला चौकोन उजळला, दुसऱ्यावर सरकला. पुन्हा दाबलं. टुंई. पाणी.

मावशींचा चेहरा फुलला. लगबगीने जाऊन त्या वाटी-चमचा घेऊन आल्या. अण्णांनी ओठ मिटले. "बगितलंत?" मावशी मला म्हणाल्या. "आसं हाय."

मी दुरुस्ती करणारी आहे. एखादी वस्तू परत परत एकच चूक करत असेल तर ती हट्ट करते आहे असं मी मानत नाही. मी खाटेजवळ वाकले आणि अण्णांना म्हणाले, "अण्णा, परत दाबा." या वेळी पडदा बघितला नाही, अंगठा बघितला. अंगठा दाबला गेला. पडदा जागा झाल्याचा उजेड भिंतीवर पडला. आणि अंगठा बटणावरून उठेचना. थरथरत होता, वर यायला धडपडत होता. तो वर येऊन पुन्हा खाली जाईपर्यंत पहिला चौकोन निघून गेला होता. बाकीच्या चौकोनांना उजेड येताना दिसतो, तयारीला सवड मिळते. पहिल्याला मात्र लागोपाठ दोनदा दाबावं लागतं. संतूने हे बसवलं तेव्हा अंगठ्यात तेवढी ताकद असणार. नंतर ती ओसरत गेली, आणि वेग बदलणारा माणूस राहिला नव्हता.

मला पुढचं कळलं होतं असं नाही. कळलं असतं तर मी मावशींना आधी बाहेर घेऊन गेले असते. हात कामात होते, मी वेग आणखी उतरवला, आणखी उतरवला, जुन्यापेक्षाही कितीतरी कमी केला, आणि म्हटलं, "आता दाबा."

पडदा जागा झाला. पहिला चौकोन उजळला आणि थांबून राहिला. अंगठा हळूहळू वर आला. खाली गेला.

टुंई.

संतू.

मावशींच्या हातात वाटी तशीच होती. त्यांना वाचता येत नव्हतं, पण तो चौकोन त्या ओळखत होत्या. अण्णांनी पुन्हा दाबलं. संतू. पुन्हा. संतू. तो आवाज इतका साधा, दारावरच्या बेलसारखा, आणि प्रत्येक वेळी पडदाभर त्या पोराच्या हातचं त्याचं नाव. अण्णांचे डोळे दाराकडे लागले होते.

"म्हंजी..." मावशी म्हणाल्या आणि थांबल्या. मग खालीच बसल्या, खाटेचा पाय धरून. "म्हंजी येवडी वरसं ह्ये पानी मागत न्हवतं?"

"नाही," मी म्हणाले. खोटं बोलायचं मला सुचलंच नाही.

दहा वेळा पाणी म्हणजे दहा वेळा संतू. मावशी समजत होत्या, अण्णांनी मुलाचं नाव काढणं सोडलं, दुबई पटली, विसरले. आणि ते रोज हाक मारत होते, आणि रोज त्यांच्या तोंडाला चमचा लागत होता. मला त्या खोलीतून पळून जावंसं वाटलं. वाटलं, आपण हे कशाला दुरुस्त केलं. मुकं होतं तेच बरं होतं.

मी उठले तर मावशींनी माझा हात धरला. "जाऊ नका ताई. माज्या एकटीच्यानं न्हाई हुयाचं."

त्यांनी वाटी फळीवर ठेवली. पदराने तोंड पुसलं. खाटेच्या कडेला बसून अण्णांचा उजवा हात स्वतःच्या दोन्ही हातांत घेतला, आणि अण्णांच्या डोळ्यांत बघून सांगितलं. त्यांनी शब्द शोधले नाहीत. "आवं, आयका. आपला संतू न्हाई. दुबईला न्हाई गेला. कामावनं येताना ट्रकखाली सापडला. तवाच गेला. तुमी बी जाशीला म्हून न्हाई सांगितलं. मी येकलीच रडले, गोठ्यात जाऊन रडले, तुमाला आयकू जाऊ नी म्हून." आणि मग इतक्या वर्षांचं ते गोठ्यातलं रडणं तिथे, त्या खाटेवर बाहेर पडलं. मी भिंतीला टेकून उभी होते.

अण्णांचे डोळे दारावरून हलले. पाणी भरलं आणि कानाकडे ओघळलं. पुसायला त्यांचा हात हलत नव्हता, आणि मावशींचं लक्ष नव्हतं. मी पुढे होऊन पुसलं. त्यांचा श्वास बिघडतो की काय म्हणून मी घाबरून बघत होते. पण श्वास चालत होता. डॉक्टर जे म्हणाले होते तसं काही झालं नाही. मावशींचे हुंदके बराच वेळ चालले. शेवटी तेही बसत गेले. घसा गेला त्यांचा.

तेव्हा अण्णांनी बटण दाबलं.

पडदा जागा झाला. पहिल्या चौकोनावर उजेड थांबून राहिला, संतूवर. अंगठा वर आला होता, तयार होता. पण त्यांनी दाबलं नाही. तो चौकोन त्यांनी जाऊ दिला. उजेड सरकला. टुंई.

पाणी.

सवयीने मावशी उठल्या. डोळ्यांना धड दिसत नव्हतं तरी वाटी घेतली, चमचा भरला आणि अण्णांच्या तोंडापाशी नेला. अण्णांनी ओठ मिटले. मला वाटलं, वेग अजून चुकतोय, अजून त्यांना हवं ते लागत नाही. माझा हात कळांकडे गेला.

पण अण्णांचे डोळे वाटीवर नव्हते. ते मावशींच्या कोरड्या पडलेल्या तोंडाकडे बघत होते.

मावशींना ते माझ्या आधी समजलं. त्यांनी चमचा मागे घेतला, खाटेच्या कडेला बसल्या आणि वाटी स्वतःच्या तोंडाला लावली. संपेपर्यंत अण्णा बघत होते.